दोन वळणांच्या खिळ्यांची कुळकथा

बाहेरचं लॅटिन वाक्य अगदी साधं आहे: मी येईपर्यंत तू तिथेच थांब. पत्र कुणाच्याही हाती पडलं तरी संशय यावा असं त्यात काही नाही. पण त्याच वाक्याच्या अक्षरांत चार लॅटिन अक्षरांचा आणखी एक शब्द दडला आहे, ‘फूगे’, म्हणजे ‘पळ’. फ्रान्सिस बेकनने १६२३ साली लंडनला छापलेल्या ‘दे ऑग्मेंटिस सायंटिआरम’ या ग्रंथात आपली गुप्तलिपी समजावून सांगताना हे उदाहरण घेतलं. मजकुराच्या अर्थाला हातही न लावता केवळ अक्षरांच्या वळणात दुसरा मजकूर कसा भरायचा, याची संपूर्ण रीत त्या पानांवर दिली आहे.

पुस्तकाच्या सजावटीत निरोप दडवण्याची हौस त्याहून जुनी. १४९९ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यातून ‘हिप्नेरोतोमाकिया पोलिफिली’ हे देखणं सचित्र पुस्तक बाहेर पडलं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. पण त्याच्या ३८ प्रकरणांची सुरुवातीची नक्षीदार अक्षरं ओळीने मांडली की एक लॅटिन वाक्य उभं राहतं: बंधू फ्रान्सिस्कुस कोलुम्ना याचं पोलियावर अपार प्रेम होतं. पोलिया ही पुस्तकाची नायिका. लेखक कोण, या प्रश्नावर आजही मुख्य पुरावा म्हणून याच वाक्याकडे बोट दाखवतात. आद्याक्षरांच्या या युक्तीत मात्र एक अडचण आहे. आतला निरोप बाहेरच्या मजकुराला बांधून ठेवतो, कारण ठरावीक प्रकरण ठरावीक अक्षरानेच सुरू करावं लागतं. बेकनला ही बेडीच नको होती.

आपल्याला ही रीत तरुणपणी पॅरिसमध्ये सुचली, असं तो स्वतः सांगतो. १५७६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो इंग्लंडचा राजदूत सर एमियस पॉलेट याच्याबरोबर फ्रान्सला गेला आणि १५७९ मध्ये वडील वारल्यावर परतला. त्या काळी राजदूताच्या घरात सांकेतिक पत्रं हा रोजचाच व्यवहार. हाच पॉलेट पुढे स्कॉटलंडच्या मेरी राणीचा पहारेकरी झाला. १५८६ साली त्याच्या पहाऱ्यात असताना तिची बिअरच्या पिंपांतून जाणारी-येणारी गुप्त पत्रं उकलली गेली आणि तिला प्राण गमवावे लागले. पत्र गुप्त आहे हे नुसतं कळणंसुद्धा किती घातक ठरतं, हे बेकनच्या पिढीने पाहिलं होतं. चांगल्या गुप्तलिपीचे त्याने तीन गुण सांगितले: लिहा-वाचायला फार कष्ट नकोत, परक्याला उकलू नये, आणि शक्य तर संशयच येऊ नये. तिसरा गुण सर्वांत अवघड, आणि त्याची खरी करामत तिथेच आहे.

रीत अशी. त्याच्या लॅटिन वर्णमालेत अक्षरं २४, कारण आय आणि जे एक, यू आणि व्ही एक. प्रत्येक अक्षरासाठी त्याने पाच खुणांचा गट ठरवला. खुणा दोनच, आपण त्यांना अ आणि ब म्हणू. पहिलं अक्षर ए म्हणजे अअअअअ, दुसरं बी म्हणजे अअअअब, सी म्हणजे अअअबअ, असं करत झेडपर्यंत. दोन खुणांचे पाच-पाचचे गट ३२ होतात, त्यामुळे २४ अक्षरं आरामात बसतात. मराठीसाठी हेच करायचं तर पाच खुणा पुरणार नाहीत. आपले स्वर आणि व्यंजनंच मिळून ३२ च्या पुढे जातात, तेव्हा सहा लागतील.

पुढचं काम छापखान्याचं. खिळे दोन वळणांचे घ्यायचे, सहज डोळ्यात भरणार नाही इतक्या बारीक फरकाचे. एका वळणाचा खिळा म्हणजे अ, दुसऱ्याचा म्हणजे ब. बाहेरचा मजकूर कोणताही चालेल, फक्त तो आतल्याच्या निदान पाचपट हवा. बेकनने लहान-मोठ्या अक्षरांची दोन्ही वळणं ग्रंथात छापून दाखवली आणि मोठं उदाहरण म्हणून सिसेरोच्या एका पत्रात हरलेल्या स्पार्टन सैन्याचा निरोप भरून दाखवला. कशातूनही काहीही सांगता येणं, ही त्याच्या लेखी गुप्तलेखनाची सर्वोच्च पायरी. त्याने हेही नोंदवलं, की दोन अवस्था असणारी कोणतीही गोष्ट इथे चालेल, मग ती घंटा असो, तुतारी, मशाल किंवा बंदुकीचा बार. दोनच खुणांनी सगळी भाषा वाहून नेता येते हा विचार इतक्या स्वच्छपणे तिथे मांडलेला पाहिला, की मला त्या माणसाविषयी मोठा आदर वाटतो. सुमारे अडीचशे वर्षांनी फ्रान्समध्ये एमिल बोदोने तारयंत्रासाठी संकेत रचला, त्यातही प्रत्येक अक्षराला पाचच खुणा होत्या.

१६२३ याच साली शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा मोठा संग्रह, ‘फर्स्ट फोलिओ’, लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दोन पुस्तकं एका वर्षाची, आणि फोलिओतले तिरके खिळे ठिकठिकाणी वेगवेगळ्या वळणाचे. नाटकं बेकनचीच, असं मानणारा मोठा वर्ग एकोणिसाव्या शतकात तयार झाला होताच. १८९९ साली अमेरिकेतल्या एलिझाबेथ वेल्स गॅलप या शिक्षिकेने जाहीर केलं, की फोलिओच्या तिरक्या अक्षरांत बेकनचा लपवलेला मजकूर आपण वाचला आहे. त्या मजकुरानुसार नाटकं तर त्याची होतीच, शिवाय तो एलिझाबेथ राणीचा गुप्त पुत्र होता. जॉर्ज फेबियन या धनाढ्य कापड व्यापाऱ्याने तिला इलिनॉयमधल्या जिनिव्हा गावच्या आपल्या रिव्हरबँक या मळ्यावर आणलं आणि मदतनीस दिले. १९१६ साली शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात फोलिओ पाहायला गेलेली एलिझबेथ स्मिथ तिथूनच या कामावर रुजू झाली. फोलिओच्या अक्षरांचे मोठे फोटो काढायला मळ्यावरचा तरुण आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम फ्रीडमन पुढे आला. १९१७ मध्ये दोघांनी लग्न केलं.

गॅलपबाई जे अ म्हणून वाचत, ते या दोघांना तसं दिसेना. भिंगाखाली अक्षरांचे दोन गट पडतच नव्हते, अनेक पडत होते. ज्याने जुना मराठी छापखाना पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. खिळे झिजतात, कड तुटते, शाई कुठे कमी तर कुठे जास्त बसते. त्या काळी कागद ओला करून छापत, तो वाळताना आक्रसे. केसच्या खणांत जुन्या-नव्या ओतीवांचे खिळे मिसळून जात, आणि जुळाऱ्याच्या हाती जो येईल तो फर्म्यात बसे. वळणांत फरक होता, पण तो धातूच्या आणि हाताच्या इतिहासाने पडलेला होता.

मग बाईंना सलग, अर्थपूर्ण इंग्रजी मजकूर कसा मिळाला? त्या अप्रामाणिक नव्हत्या, हे फ्रीडमन दांपत्यानेही मान्य केलं. पाचांच्या एका गटात दोन अक्षरं संशयास्पद असली, तर त्या गटाचे चार अर्थ संभवतात. सहा अक्षरांचा शब्द घेतला, की ४,०९६ पर्याय झाले. त्यांतून मनात असलेला शब्द निवडला जातो आणि डोळ्याला तो छापलेलाच दिसतो. खरा निरोप मात्र फार कडक असतो. बेकनच्या तक्त्यात बब ने सुरू होणारा एकही गट नाही. खिळे नुसते सरमिसळ झाले असतील आणि दोन्ही वळणं सारखीच पडली असतील, तर दर चार गटांत सरासरी एक तसा निघणारच. शिवाय एकच अक्षर मोजायचं राहिलं, की पुढचे सगळे गट सरकतात आणि मजकूर कोसळतो. म्हणून प्रश्न अर्थ लागतो का एवढाच नसतो. तीच किल्ली दुसऱ्या माणसाच्या हाती दिली तर तोच मजकूर निघतो का, हे पाहावं लागतं. मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. मालकाला हवं असलेलं उत्तर जिथे तयार होतं, तिथेच दोन तरुणांनी पुरावा कशाला म्हणायचं हे ठरवलं.

त्या शिस्तीचा उपयोग लगेच झाला. अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याकडे संकेत उकलणारी माणसं जवळजवळ नव्हती, आणि अधिकाऱ्यांना हे शास्त्र शिकवण्याचं काम रिव्हरबँककडे आलं. १९१८ च्या आरंभी ऑरोरा शहरात त्या वर्गाचा समूह-फोटो निघाला. कुणी कॅमेऱ्याकडे पाहत आहे, कुणी बाजूला. समोरचा चेहरा एक खूण, वळलेला दुसरी. ‘ज्ञान हीच शक्ती’ हे बेकनशी जोडलेलं वचन इंग्रजीत त्या रांगांनी लिहिलं आहे. १६ अक्षरांना ८० माणसं हवी होती, तेवढी नव्हती, म्हणून शेवटचं अक्षर अपुरं राहिलं. पुढे विल्यम अमेरिकी सैन्याच्या संकेतविभागाचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखालच्या मंडळींनी १९४० मध्ये जपानचा ‘पर्पल’ हा राजनैतिक संकेत फोडला. एलिझबेथने दारूबंदीच्या काळात तस्करांचे बिनतारी संदेश उकलले आणि न्यायालयात उभं राहून ते समजावून सांगितले.

१९५७ साली दोघांनी शेक्सपिअरच्या नाटकांतल्या कथित गुप्तलिप्यांवर एक ग्रंथ लिहिला आणि एकेक दावा तपासून मोडीत काढला. त्यातल्या एका तिरक्या टाइपातल्या ओळीत त्यांनी बेकनच्याच रीतीने एक वाक्य भरलं आहे: ही नाटकं मी लिहिलेली नाहीत, आणि खाली बेकनची सही. १९६३ मध्ये चार्ल्टन हिनमनने फोलिओच्या छपाईवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या अनेक प्रती त्याने स्वतः बनवलेल्या यंत्राखाली ताडून पाहिल्या होत्या. छपाई चालू असतानाच प्रुफं तपासली जात आणि दुरुस्त्या होत, आधीचे कागदही टाकून न देता बांधले जात. त्यामुळे प्रतीप्रतीत पानं वेगळी आहेत. खिळ्याखिळ्यावर बेतलेला निरोप अशा पुस्तकात टिकणं कठीण.

विल्यम १९६९ मध्ये गेला, एलिझबेथ १९८० मध्ये. दोघं आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहेत, आणि दगडावर तेच १६ अक्षरांचं वचन कोरलेलं आहे. काही अक्षरांच्या टोकांना आडव्या रेघा आहेत, काहींना नाहीत. २०१७ मध्ये एलोन्का डुनिन हिने हा फरक हेरला आणि पहिली १५ अक्षरं पाच-पाच करून वाचली: बअबअअ, अअबअब, अअबअब. वर सांगितलेल्या क्रमाने मोजलं, तर पहिला गट एकविसाव्या अक्षराचा म्हणजे डब्ल्यूचा आणि पुढचे दोन्ही सहाव्याचे म्हणजे एफचे. विल्यम फ्रेडरिक फ्रीडमन याची ती आद्याक्षरं.