बाळाला अंगावर किती दिवस पाजायचं?

पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडलं तर उन्हाळ्यातही वरून पाणी नको, घुटी नको. मध तर वर्षभर नकोच. 6 महिने झाले की मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं सुरू करा, पण अंगावरचं थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटना 2 वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. ‘वर्षानंतर दुधात कस राहत नाही’ असं घरात म्हणतात, ते खरं नाही.

खरी अडचण खुरपणीची, ऊसतोडीची. नोकरीवाल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, रोजंदारीवालीला कुठली? कामावर जाताना स्वच्छ हाताने, उकळून घेतलेल्या वाटीत दूध काढून झाकून ठेवा. सावलीत, थंड जागी साधारण 4 तास टिकतं. कडक उन्हाळ्यात त्याआधीच संपवा. वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको. सकाळ-संध्याकाळ आणि रात्री अंगावर घेत राहिलं की दूध येत राहतं.

पुन्हा दिवस गेले म्हणून लगेच तोडायची गरज सहसा नसते. रक्त जात असेल किंवा आधी गर्भपात झाला असेल तर डॉक्टरांना विचारा. तोडायचंच ठरलं तर एकेक वेळ कमी करत जा. कडुनिंब लावून एका दिवसात तोडलं तर बाळ हैराण होतं आणि आईची छाती दाटून गाठी, ताप येऊ शकतो.