रोखा कुणाकडे?

गृहकर्ज देताना बँक आपल्याकडून कागदांचा एक गठ्ठा घेते. नवी मुंबईत हा गठ्ठा जरा जास्तच जाड असतो, कारण इथली बहुतेक जमीन सिडकोची, आपण भाडेपट्टेदार. सिडकोबरोबरचा मूळ करार, घर ज्या ज्या हातांतून गेलं त्या प्रत्येक वेळचा कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गहाणासाठी सिडकोची ना हरकत... यातली एक कडी हरवली की पुढची विक्री अडली. आणि हा गठ्ठा पंधरा-वीस वर्षं दुसऱ्याच्या कपाटात राहणार. त्या बदल्यात आपल्या हातात काय? बऱ्याच घरांत तर काय काय दिलं याची धड यादीही नसते.

मला अशा वेळी हटकून सुपे आठवतं. आज बारामती तालुक्यात असलेलं, तेव्हा भीमथडीतलं, बाजारपेठेचं गाव. १२ मे १८७५ रोजी आजूबाजूचे शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, काही घरं पेटली. पण मागणी एकच होती, वह्या आणि रोखे बाहेर काढा. कागद हाती आले की त्यांची होळी. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरलं, ९५१ जण पकडले गेले. सरकारी चौकशीत दिसलं की जिथे सावकाराने मुकाट्याने रोखे देऊन टाकले, तिथे त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही.

राग माणसावर होताच, पण त्याहून कागदावर होता. का, ते समजून घ्यायचं तर १८५९ सालचा मुदतीचा कायदा पाहायला हवा. कर्जाचा रोखा तीन वर्षांनी बाद होईल, असं त्यात ठरलं. हेतू चांगला, व्याज साचू नये हा. झालं उलटंच! मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून घाली. नुसत्या हिशोबापुरतं धरा: १०० रुपये, दरमहा शेकडा २. तीन वर्षांनी रोखा १७२ चा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा, नऊ वर्षांनी ५०९ चा. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं होत असेल तर दामदुपट मोजायची कशाची?

शिवाय रोखा लिहिणारा सावकाराचा माणूस, वाचणारा तोच, जपून ठेवणाराही तोच. कुळाने अंगठा उठवायचा. भरलेल्या पैशांची पावती मिळत नाही, रोख्यात भलतेच आकडे घातले जातात, अशा तक्रारींचा ढीग चौकशी आयोगापुढे आला. कोर्टात मात्र पुरावा एकच, तो कागद.

म्हणून १८७९ सालचा दख्खन शेतकरी कायदा मला दंग्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. (शाळेत दंगा शिकवतात आणि कायदा एका ओळीत उरकतात.) पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो केला होता. शेतकऱ्याचा रोखा ग्राम-रजिस्ट्रारसमोरच लिहिला जायला हवा. त्यात रक्कम पूर्ण नमूद हवी. जुन्याच्या जागी नवा रोखा होत असेल तर जुना हजर करायचा, त्यावर रजिस्ट्रारने सही-खूण करायची. मूळ रोखा एकाकडे, तर प्रमाणित नक्कल दुसऱ्याकडे. शेतकऱ्याला पैसे भरताना न मागताही पावती, आणि मागितलं तर वर्षाचा हिशोब, पासबुक. आणि न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्याशी न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचं. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी काम केलं आणि तिथून १८९३ साली ते हायकोर्टात गेले. कायद्याने सावकारी संपली नाही, पळवाटाही निघाल्या. पण कागद एकाच्याच ताब्यात असू नये हे मान्य झालं.

पुढच्या शतकात गंमत अशी झाली की फसवणुकीची दिशाही फिरली. मूळ कागद बँकेकडे ठेवले की झालं गहाण, ही सोय आपल्याकडे १८८२ च्या कायद्यापासून आहे. मग एकाच घराचे हुबेहूब बनावट कागद करून दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलणारे निघाले. एका बँकेच्या कपाटात काय आहे हे दुसरीला कळायचा मार्ग नव्हता. त्यासाठी २०११ साली सेरसाई ही मध्यवर्ती नोंदणी सुरू झाली.

आणि कर्ज फेडणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम काढले. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नोंदणीतला बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले तर नकला मिळवायला मदत आणि खर्च बँकेचा, मात्र त्यासाठी तिला आणखी ३० दिवस. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. कागद कधी आणि कुठे परत मिळतील, हे कर्जमंजुरीच्या पत्रातच लिहायला सांगितलंय. घर विकताना खरेदीदाराची बँक सेरसाईत शोध घेते, तेव्हा फिटलेल्या कर्जाची न उतरलेली नोंद नेमकी तिथे आडवी येते. ती उतरली की नाही, हे किरकोळ शुल्क भरून आपल्यालाही पाहता येतं.