समुद्रात उतरणारे कुंपण

आजचा धागा एका समुद्रकिनाऱ्याचा आहे. उत्तरेला अमेरिकेतील सॅन दिएगो, दक्षिणेला मेक्सिकोतील तिहुआना आणि मधोमध थेट प्रशांत महासागराच्या लाटांत शिरलेले कुंपण.

१८४८च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख गेला. नव्या सीमेचा पश्चिमेकडील आरंभबिंदू सॅन दिएगो उपसागराच्या दक्षिण टोकाखाली एक सागरी लीग अंतरावर ठरला. दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने तो मोजला आणि तिथे १८५१ साली संगमरवरी स्तंभ उभारला. या वाळूवर दोन देशांनी मिळून घडवलेली पहिली कलाकृती म्हणजे हा हद्दीचा दगडच, असे मला वाटते.

१९७१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पॅट निक्सन यांनी याच स्तंभाजवळच्या उद्यानाचे उद्घाटन केले. पलीकडे जमलेल्या मेक्सिकन लोकांना भेटण्यासाठी त्यांनी काटेरी तार कापायला लावली. ‘मैत्री उद्यान’ हे नाव पुढे रुळले, ते त्या भावनेला साजेसे होते.

१९८४मध्ये सॅन दिएगोत दोन्हीकडच्या कलावंतांचा एक गट स्थापन झाला. डेव्हिड अव्हालोस, गिएर्मो गोमेझ-पेन्या, मायकेल श्नॉर हे त्याच्या संस्थापकांपैकी. गटाचे नावही द्विभाषिक : ‘बॉर्डर आर्ट वर्कशॉप / तायेर दे आर्ते फ्रोन्तेरिसो’. १९८६च्या १२ ऑक्टोबरला, म्हणजे कोलंबस अमेरिकेच्या भूमीवर उतरला त्याच तिथीला, त्यांनी या किनाऱ्यावर एक मेज मांडले. त्याचा अर्धा भाग एका देशात, अर्धा दुसऱ्या. सीमेवरच्या ठरावीक पात्रांची सोंगे घेतलेली मंडळी भोवती बसली. सीमारेषेवरून अन्नाची देवाणघेवाण झाली. मग त्यांनी ते मेज गोल फिरवले आणि बसलेला प्रत्येक जण बेकायदा परदेशात जाऊन आला! आजची भिंत तेव्हा नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले.

लवकरच परिस्थिती पालटली. १९९०च्या दशकारंभी व्हिएतनाम युद्धकाळातील पोलादी पत्रे, तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी बनवलेले, सीमेवर उभे ठोकले गेले. ऑक्टोबर १९९४मध्ये अमेरिकेने ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू केले. गंमत अशी की ‘इनसाइट’ हा दोन्ही शहरांचा संयुक्त सार्वजनिक कला-उपक्रम नेमका त्याच शरद ऋतूत भरला होता. मेक्सिकोच्या हेलेन एस्कोबेदो यांनी कुंपणालगतच्या वाळूवर जाळीच्या तीन नौका ठेवल्या. त्यांचा आकार दगड फेकणाऱ्या जुन्या युद्धयंत्रांसारखा. अमेरिकेच्या टेरी ॲलन यांनी दोन मोटारगाड्यांवर ध्वनिक्षेपक बसवले, एक अलीकडे आणि एक पलीकडे. ज्याला जे बोलायचे, गायचे, ते त्याने पत्र्यांवरून पलीकडे पोहोचवावे.

१९९७ची कलाकृती मला सर्वांत आवडते. किनाऱ्यापासून थोडे आत, सॅन इसिद्रो नाक्यावर, मार्कोस रामिरेझ ‘एर्रे’ यांनी सुमारे १० मीटर उंचीचा लाकडी घोडा उभा केला. ट्रॉयच्या घोड्याच्या पोटात सैनिक लपले होते. याच्या पोटातून आरपार दिसत असे. शिवाय तोंडे दोन, एकेका देशाकडे वळलेली. कोण कोणाच्या घरात शिरले, हे पाहणाऱ्याने ठरवावे. एर्रे मूळचे तिहुआनाचे, आणि अमेरिकेत त्यांनी कित्येक वर्षे बांधकामावर राबून पोट भरले होते. घोड्याची ती पक्की जोडणी काही कलाशाळेत शिकलेली नव्हे.

२००५मध्ये व्हेनेझुएलाचे हाविएर तेयेस यांनी मेक्सिकालीतील मनोरुग्णांसोबत एक मिरवणूक रचली. तिच्या शेवटी डेव्हिड स्मिथ हा अमेरिकी कसरतपटू तोफेतून उडून सीमेपलीकडे गेला. उडण्यापूर्वी त्याने पारपत्र दाखवले, हे विशेष. २०११मध्ये आना तेरेसा फर्नांदेझ यांनी कुंपणाच्या गजांना आकाशाचा फिकट निळा रंग दिला. दुरून पाहणाऱ्याला तेवढ्या जागी कुंपण तुटून समुद्र मोकळा झाल्याचा भास होई.

२०२३मध्ये तिथे सुमारे ९ मीटर उंचीच्या नव्या भिंतीचे काम सुरू झाले. जुने गज उतरले, त्यांबरोबर त्यांवरची चित्रेही. १८५१चा स्तंभ आता भिंतीच्या दक्षिणेला आहे. त्याला हात लावायचा, तर तिहुआनातून जावे लागते.