गुन्हेगारीचा शिक्का

एखाद्या माणसाला किंवा समूहाला गुन्हेगार ठरवायचे आणि पुढे त्याच ओळखीवरून त्याच्याशी वागायचे, ही सामाजिक प्रक्रिया. अमेरिकी समाजशास्त्रात फ्रँक टॅनेनबाउम (१९३८), एडविन लेमर्ट (१९५१) आणि हॉवर्ड बेकर (‘आउटसायडर्स’, १९६३) यांनी तिची मांडणी केली. कोणतेही कृत्य मुळातच विचलित नसते, नियम करणारे व राबवणारे त्याला तसे ठरवतात, हे बेकर यांचे म्हणणे. पहिल्या चुकीपेक्षा शिक्का बसल्यानंतरची चूक वेगळी असते, हे लेमर्ट यांनी त्याआधीच दाखवले होते. पहिली चूक मुळात का घडते, याचे उत्तर मात्र या सिद्धांताकडे फारसे नाही.

महाराष्ट्रात या शिक्क्याने कृत्याची वाटही पाहिली नाही. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशा तर्कावर ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो सर्व ब्रिटिश प्रांतांत लावता येऊ लागला. त्यांत नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत व वऱ्हाडही आला. जमात एकदा अधिसूचित झाली की नोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी आणि गाव सोडायचे तर परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहतच उभी राहिली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो.

विदर्भात याचा मोठा जाच पारध्यांनी सोसला. फासे लावून तितर-लावे धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्यातले टाकणकर गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून देत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या कामाची नोंद आहे, आणि संशयाचीही: दारोदार फिरणारा माणूस घरे हेरतो, असा. जे काम करून पोट भरायचे, तेच पाळत ठेवण्याचे कारण झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गुन्हा ठरली. शेती नाही, कूळकायद्यात नाव नाही, हातातले कसब बेकायदा. अशा वेळी चोरीचा आळ येतो तेव्हा तो खोडायला साक्षीदार तरी कुठून आणणार?

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सराईत गुन्हेगारांसाठीच्या नव्या कायद्यांनी जुन्या संशयाला दुसरे दार उघडून दिले. परिसरात चोरी झाली की धाड पारध्यांच्या वस्तीवर, म्हणजे बेड्यावर, हा शिरस्ता राहिला. मग चौकशीची नोंद होते, पुढच्या वेळी तीच नोंद ‘पूर्वेतिहास’ म्हणून पुढे येते. माझ्या मते शिक्क्याची खरी ताकद या कागदात आहे. लोकांच्या कुजबुजीत तेवढी नाही.

जालना जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली होती आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप फाशीत बदलली होती. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि त्यांना खोटे गोवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हटले. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई ठरली. गुन्ह्यापासून तोवर सोळा वर्षे गेली होती.

शिक्का सैल होतो, पण उपदेशाने नव्हे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडणारी वस्तीतली पोरे पाहिली आणि २००१ च्या सुमारास त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) त्यावरच बेतलेला. एरवी ‘झोपडपट्टीतली उनाड पोरे’ म्हणून हिणवलेल्या मुलांना संघात जागा आणि सामन्याची तारीख मिळाली. पारधी बेड्यांना अशी दुसरी ओळख क्वचितच मिळाली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीय तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये, अशी ताकीद पोलिसांना दिली. वृत्तपत्रांना असा आदेश नाही. इतर आरोपींची जात बातमीत सहसा येत नाही, ‘पारधी टोळी’ मात्र थेट मथळ्यात येते. ही सवय संपादकांनी आपणहून सोडावी.