कार्ड चालत नाही, हा दोष कोणाचा?

‘लिनक्स टाकलं आणि वायफाय गेलं’ ही तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

पूर्वपक्ष असा: नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहावा तो चिप घडवणाऱ्यानेच. मुक्त प्रणालींचे ड्रायव्हर बाहेरची हौशी मंडळी लिहितात, म्हणून ते कच्चे राहतात. कंपनीला व्यापारी गुपिते जपायची असतात, रेडिओलहरींचे सरकारी नियम पाळायचे असतात. त्यात लिनक्सचा गाभा सतत बदलतो. त्याच्यामागे कंपनीने किती धावायचे? हे म्हणणे ऐकायला सयुक्तिक आहे.

पुरावा मात्र उलट साक्ष देतो. एनव्हीडियाच्या एनफोर्स चिपसेटमधले इथरनेट घ्या. कंपनीने त्यासाठी ‘एनव्हीनेट’ हा स्वतःचा बंद ड्रायव्हर दिला होता. चिपची तांत्रिक माहिती दिली नव्हती. बाहेरच्यांनी तो ड्रायव्हर उलगडून पाहिला आणि ‘फोर्सडेथ’ लिहिला. पुढे कंपनीचेच अभियंते फोर्सडेथमध्ये भर घालू लागले आणि आपल्या ड्रायव्हरऐवजी हाच वापरा, अशी शिफारसही कंपनीनेच केली. आता हौशी कोणाला म्हणायचे?

ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची कथा याहून बोलकी आहे. तिथे एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते याचे वर्णन लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरला हात न लावता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून पाळलेले हे सोवळे! २००६ साली तो लिनक्स २.६.१७ मध्ये दाखल झाला. कंपनीने माहिती दिली असती तर हा सारा खटाटोप वाचला असता. यात कौशल्याची उणीव कुठे आहे? उणीव कागदांची होती.

सरकारी नियमांची सबब अ‍ॅथरॉसच्या चिपांबाबतही पुढे केली जाई: चिप हवी त्या लहरीवर बोलवता येते, म्हणून स्रोत उघडता येत नाही. मग २००८ साली त्याच कंपनीने ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर दिला, पाठोपाठ जुन्या चिपांचा झाकलेला भागही उघडला. तोवर नियम काही रद्द झाले नव्हते.

राहिला बदलत्या गाभ्याचा मुद्दा. ड्रायव्हर गाभ्याच्या स्रोतात असला, की अंतर्गत रचना बदलणाराच तो ड्रायव्हरही दुरुस्त करतो. धावपळ होते ती बाहेर राहणाऱ्याची.

गिऱ्हाईक फसते, हे मला मान्य आहे. टीपी-लिंकचा ‘डब्ल्यूएन७२२एन’ हा यूएसबी अडॅप्टर पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथरॉसची चिप घेऊन आला, दुसरीत रिअलटेकची. मॉडेलचे नाव तेच. लिनक्सवर उत्तम चालतो असे ऐकून दुसरी आवृत्ती घेणाऱ्याने बोल लावला तो लिनक्सला.

आणि ब्रॉडकॉमचा तो ड्रायव्हर? तो तयार झाला तरी चिपमध्ये भरायचे फर्मवेअर वाटण्याची परवानगी नव्हती. म्हणून कंपनीचा बंद ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाच्या अवजाराने त्यातून फर्मवेअर कापून काढायचे, हे काम वापरणाऱ्याच्या गळ्यात पडले. तेही वायफाय बंद असताना! वाचकहो, हा त्रास कोणाच्या नावे मांडायचा, ते तुम्हीच ठरवा.