इबान लांबघर

इबान लांबघर (इबान भाषेत रुमाह पांजाय, अर्थात 'लांब घर') हे बोर्निओ बेटावरील पर्जन्यवनात राहणाऱ्या इबान समाजाचे पारंपरिक निवासस्थान असून तेच त्यांचे गावही असते. एकाच छपराखाली ओळीने बांधलेल्या स्वतंत्र बिऱ्हाडांतून ही वस्ती तयार होते. लांबघरे मुख्यतः मलेशियाच्या सारावाक राज्यात, तसेच इंडोनेशियाचा पश्चिम कालिमंतान प्रांत आणि ब्रुनेई येथे आढळतात. इबान हा सारावाकमधील सर्वांत मोठा वांशिक समूह आहे. वसाहतकालीन लिखाणात त्याला 'समुद्री दायाक' म्हटले जाई. लांबघराचा जमिनीवरील हक्क श्रम, वंशपरंपरा आणि लोकस्मृती यांवर आधारलेला आहे. लिखित कायद्याने हा हक्क कितपत मानावा, हा सारावाकमधील दीर्घकालीन वादाचा विषय आहे.

रचना

लांबघर सहसा नदीकाठी, जमिनीपासून उंच खांबांवर बांधले जाते. खांबांसाठी बेलियान या अतिशय टणक व टिकाऊ लाकडाला पसंती असते. घराच्या लांबीला समांतर असे त्याचे दोन भाग पडतात. मागील भागात प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र खोली असते, तिला बिलेक म्हणतात. पुढील भागात सर्व खोल्यांसमोरून सलग जाणारी ओसरी असते, तिला रुआय म्हणतात. पाहुण्यांचे स्वागत, सभा, तंटे-निवाडे, विणकाम व धार्मिक विधी रुआयवर होतात. त्यापुढे भात व मिरी वाळवण्यासाठी तांजू हा उघडा मंच, तर वर धान्य साठवण्यासाठी सादाउ हा माळा असतो.

लांबघराच्या प्रमुखास तुआय रुमाह म्हणतात. घर बहुधा त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्यामुळे प्रमुख बदलल्यावर गावाचे नावही बदलू शकते.

बिऱ्हाड आणि वारसा

मानवशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी १९४९ ते १९५१ या काळात बालेह नदीच्या खोऱ्यातील इबानांचा अभ्यास केला. लांबघर बाहेरून सामुदायिक मालकीचे वाटले, तरी प्रत्येक बिलेक-कुटुंब आर्थिकदृष्ट्या स्वायत्त असते, असे त्यांनी दाखवून दिले. कुटुंब आपल्या वाट्याचा भाग स्वतः बांधते व त्याचे मालक असते. समोरील ओसरीचा तुकडाही त्याच कुटुंबाचा असतो, मात्र तिथे वावरण्यास कोणालाही आडकाठी नसते.

वारसा मुलगा किंवा मुलगी असा भेद करत नाही. विवाहानंतर एक अपत्य, मग तो मुलगा असो वा मुलगी, बिलेकमध्ये राहते आणि परंपरा पुढे चालवते. जे विवाह करून दुसऱ्या बिलेकमध्ये जातात, त्यांचा जन्मघरच्या मालमत्तेवरील हक्क संपतो व नव्या घरी सुरू होतो. दत्तक अपत्यास पूर्ण हक्क मिळतात. तजाउ नावाच्या जुन्या मातीच्या बरण्या, पितळी घंटा आणि पादी पुन हे कुटुंबाचे पवित्र भातबियाणे ही पिढीजात संपत्ती मानली जाते.

जमिनीचे हक्क

डोंगरउतारावरील भाताची फिरती शेती हा पारंपरिक उपजीविकेचा आधार आहे. जंगल तोडून, वाळवून व जाळून पेरणी केली जाते आणि कापणीनंतर जमीन अनेक वर्षे पडीक ठेवली जाते. रूढीनुसार, जे कुटुंब मूळ अरण्य प्रथम तोडते त्याचा त्या जमिनीवर हक्क निर्माण होतो. पुन्हा रान वाढल्यावरही तो कायम राहतो. अशा जमिनीस तेमुदा म्हणतात.

एका लांबघराच्या संपूर्ण परिसरास पेमाकाय मेनोआ ही संज्ञा आहे. त्यात शेतजमिनीखेरीज नद्या, स्मशाने आणि पुलाउ या राखीव वनाचा समावेश होतो. घरबांधणीचे लाकूड, वेत, औषधी वनस्पती व शिकार यांसाठी पुलाउ न तोडता राखले जाते. जुन्या लांबघराची जागा तेंबावाय म्हणून ओळखली जाते. तेथील दुरियानसारख्या फळझाडांवर ती लावणाऱ्यांच्या वंशजांचा अधिकार चालतो. झाडे आणि वंशावळी हाच अशा ठिकाणी मालकीचा पुरावा ठरतो.

कायदा आणि न्यायालयीन निर्णय

१८४१ पासून ब्रुक घराण्याच्या आणि १९४६ पासून ब्रिटिश वसाहतीच्या राजवटीत रूढिगत हक्कांना मर्यादित मान्यता होती. १ जानेवारी १९५८ रोजी अमलात आलेल्या सारावाक भूमी संहितेने ही तारीखच निर्णायक ठरवली. त्यापूर्वी मूळ अरण्य तोडणे, फळझाडे लावणे, जमीन कसणे, ती दफनभूमी म्हणून वापरणे किंवा तिच्यातून वहिवाट ठेवणे अशा मार्गांनी निर्माण झालेला हक्क ग्राह्य धरला जातो. त्यानंतर मूळ अरण्य तोडून असा हक्क मिळवण्यासाठी शासकीय परवाना लागतो. परिणामी दावेदारांना वडीलधाऱ्यांच्या साक्षी व जुनी हवाई छायाचित्रे यांचा आधार घ्यावा लागतो. हवाई छायाचित्रात तोडलेले रान दिसते, परंतु हेतुपुरस्सर राखलेले वन आणि कोणाचेही नसलेले वन यांतील फरक दिसत नाही.

२००१ मध्ये कुचिंग उच्च न्यायालयाने बिंतुलू भागातील रुमाह नोर या लांबघराच्या बाजूने निकाल देताना पेमाकाय मेनोआ व पुलाउ यांवरील हक्क मान्य केले. २००५ मध्ये अपील न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर तो निकाल फिरवला. डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियाच्या संघीय न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात बहुमताने असा निर्णय दिला की, या दोन्ही रूढींना सारावाकच्या कायद्यात बळ नाही. याचा अर्थ, तोडलेल्या जमिनीचा हक्क टिकला, राखलेल्या वनाचा नाही. तीव्र विरोधानंतर २०१८ मध्ये राज्याने संहितेत दुरुस्ती करून सामुदायिक प्रादेशिक क्षेत्रास मान्यता दिली, मात्र त्याच्या क्षेत्रफळावर मर्यादा घातली.

प्रवास

अंतर्भागात नद्या हेच पारंपरिक राजमार्ग आहेत. मलेशियातील सर्वांत लांब नदी असलेल्या राजांगवर सिबू ते कापित अशी बंदिस्त वेगवान बोटींची वाहतूक दीर्घकाळ चालत आली. त्यापुढील उपनद्यांवर अरुंद लाकडी लांबहोडी वापरतात. मागील बाजूस एक जण इंजिन सांभाळतो, तर नाळेवरील दुसरा पाण्याचा अंदाज घेत खडकांपासून होडी बांबूने दूर ठेवतो. पाणी उतरल्यास प्रवाशांना खाली उतरून होडी ओढावी लागते, तर पूर आल्यास प्रवासच थांबतो. त्यामुळे अंतर मैलांपेक्षा नदीच्या स्थितीवर मोजले जाते. दूरच्या वस्त्यांतील मुले प्राथमिक वयापासूनच शाळेच्या वसतिगृहात राहतात.

कीर्ती व कमाईसाठी पुरुषांनी दूरदेशी जाण्याच्या प्रथेस बेजालाय म्हणतात. पूर्वी प्रवासी बरण्या व घंटा घेऊन परतत. पुढे लाकूडतोड, तेलउद्योग व शहरांतील नोकऱ्या हे तिचे रूप झाले.

सद्यस्थिती

१९८५ मध्ये पूर्ण झालेल्या बतांग आय धरणाच्या जलाशयात अनेक लांबघरांची जमीन बुडाली आणि रहिवाशांचे पुनर्वसन करावे लागले. लाकूडतोडीसाठी काढलेल्या रस्त्यांमुळे काही गावे शहरांशी जोडली गेली, त्याच वेळी वनक्षेत्र घटले. नवी लांबघरे बहुधा सिमेंट व पत्र्याची असतात. सलग लाकडी घरात एका खोलीत लागलेली आग संपूर्ण गाव भस्मसात करू शकते, हे त्यामागील एक कारण आहे. अनेक बिलेक वर्षभर कुलूपबंद असतात. १ जून रोजी साजऱ्या होणाऱ्या गावाय दायाक या सुगीच्या सणास शहरांत गेलेले सदस्य परततात आणि तेव्हा ओसरी पुन्हा भरते. कुटुंबाचा बिलेकवरील, आणि पर्यायाने जमिनीवरील, हक्क अशा परतीच्या सहभागातूनही जिवंत राहतो.