शिकायला कुठे जायचं? कराडहून निघालेल्या दीडशे वर्षांच्या वाटा

आपल्या १९९६ च्या दहावीच्या वर्गातल्या अनेकांची मुलं आता बारावीच्या उंबरठ्यावर आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे जून-जुलै आला की फोन सुरू होतात. "सांगलीला कॉम्प्युटर मिळतंय, पुण्याला मेकॅनिकल. काय घेऊ?" "अमुक कॉलेजचं प्लेसमेंट कसं आहे?" प्रश्न शाखेचा असतो, पॅकेजचा असतो. ते गाव कसं आहे, तिथे पोर राहणार कुठे, जेवणार कुठे, हे शेवटी विचारलं जातं, तेही फोन ठेवता ठेवता. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सुचवलं तेव्हा हाच प्रश्न घ्यायचं ठरवलं. आपल्या भागातली मुलं पूर्वी शिकायला कुठे गेली आणि ते कशावरून ठरलं?

सुरुवात अर्थातच टेंभूपासून. गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली तिथे जन्मले आणि कराडला शिकले. इंग्रजी तीन इयत्तांच्या पुढे कराडात सोय नव्हती. पुढे शिकायचं म्हणजे गाव सोडायचं. घरची गरिबी इतकी, की मध्ये कचेरीत उमेदवारी करावी लागली. रत्नागिरीला चालत जाऊन पाहिलं, तिथे जम बसला नाही. शेवटी अकोला. नकाशावर पाहिलं तर कराडच्या मुलाने अकोल्याहून मॅट्रिक व्हावं याला काही अर्थ लागत नाही. पण अकोल्याला नातेवाईक होते, म्हणजे डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण होतं. १८७५ साली तिथून मॅट्रिक होऊन, शिक्षकांच्या मदतीवर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगातला एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, निबंधाच्या आणि वक्तृत्वाच्या बक्षिसांवर खर्च भागवायचा, हे आपल्याला शाळेत बाईंनी सांगितलेलं आठवत असेल. त्या गोष्टीत कष्टाचं कौतुक असतं, पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. त्यांची वाट कॉलेजच्या नावाने ठरली नाही. ती ओळखीच्या घराने ठरली.

शेजारी ठेवून बघा टिळकांना. जन्मसाल तेच, १८५६. कॉलेजही तेच. पण वडिलांच्या बदलीमुळे टिळकांचं कुटुंब १८६६ सालीच रत्नागिरीहून पुण्याला आलं होतं. त्यामुळे १८७२ ला मॅट्रिक झाल्यावर कॉलेज त्यांच्या गावातच होतं. व्यायामासाठी एक वर्ष द्यावं आणि बी.ए. नंतर एम.ए. सोडून कायद्याकडे वळावं, ही मोकळीक त्यांना घेता आली. दोघेही मोठे झाले. पण एकाला वीस-एकविसाव्या वर्षी निवड करता येत होती आणि दुसरा जे मिळेल त्याला घट्ट धरून चालत होता. आपल्या वर्गातही हे दोन्ही प्रकार होते.

त्या काळात विद्यापीठ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि पुण्यापासून कराच्या-धारवाडपर्यंतची कॉलेजं त्यालाच जोडली गेली. पुणे विद्यापीठ झालं १९४९ ला आणि आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ ला. म्हणजे नव्वदएक वर्षं सातारा जिल्ह्यातल्या पदवीधराच्या कागदावर मुंबईचंच नाव असे. निवड करायची ती कॉलेजची आणि गावाची. तीही बहुधा पैसा कुठून येतो यावर ठरे. विश्वेश्वरय्या बंगळूरहून बी.ए. होऊन पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, आले ते म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे. डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणाची सुरुवात आपल्या सातारला झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून १९१२ ला ते बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. ती नसती तर कोलंबियाचं नाव त्यांच्या यादीत आलंच नसतं.

मात्र शिष्यवृत्ती एकेकाला मिळते. शेकडो मुलांना शिकवायचं तर काय करावं, याचं उत्तर कोल्हापुरात सापडलं. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. कॉलेजची इमारत होती, प्राध्यापक होते, पण खेड्यातला मुलगा तिथपर्यंत पोचत नव्हता, कारण त्याला शहरात भाड्याने खोली मिळत नव्हती. कित्येकांना जातीमुळे पैसे देऊनही मिळाली नसती. वसतिगृहं झाली आणि कोल्हापूर हे विद्यार्थ्यांचं गाव झालं. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरात राहून शिकले होते. १९१९ ला आपल्याच तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालू केलं. साताऱ्याचं रयतचं कॉलेज आलं १९४७ ला. आधी राहण्याची सोय आणि मग कॉलेज, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

यशवंतराव चव्हाणांची वाट आपल्याला सगळ्यात ओळखीची. देवराष्ट्रे आजोळ, कराडच्या टिळक हायस्कूलमधून मॅट्रिक, तेही तुरुंगवास भोगून झाल्यावर. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, १९३८ ला बी.ए. आणि त्यानंतर पुण्याचं लॉ कॉलेज. आधी पंच्याहत्तर किलोमीटरवरचं गाव, मग दुप्पट अंतरावरचं शहर. ज्या घरात विधवा आई आणि थोरला भाऊ संसार ओढत होते, तिथून एकदम लांब उडी मारणं शक्य नव्हतं. राज्याचे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्या सरकारने वर्षाला बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ केली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील या ईबीसी सवलतीवर शिकले आहेत. त्याच सुमारास, १९६० ला, कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. त्याआधी १९५४ ला रयतचं गाडगे महाराज कॉलेज आलं होतं. आगरकरांना इंग्रजी चौथीसाठी गाव सोडावं लागलं होतं. त्यानंतर शंभरेक वर्षांच्या आत त्याच गावात इंजिनियर घडू लागले.

आता मुलींकडे वळते. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्यापर्यंत आलं कसं? गोपाळरावांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई बोटीने उतरल्या त्या सरळ कार्पेंटरबाईंच्या घरी. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम.डी. झाल्या आणि वर्षभरात, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात क्षयाने गेल्या. तिथल्या थंडीने, जेवणाच्या आबाळीने आणि अभ्यासाच्या ताणाने त्यांची प्रकृती खालावली होती. अपुऱ्या उबेच्या खोलीत, नऊवारीत आणि शाकाहारावर त्यांनी ते हिवाळे काढले. विद्यापीठाची निवड बिनचूक होती. गाव मात्र शरीराला मानवलं नाही. इतकी मोठी किंमत आज कुणाला मोजावी लागत नाही, पण कॉलेज आणि त्याचं गाव या दोन वेगळ्या निवडी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आपल्या वेळेपर्यंत गोष्टी बदलल्या होत्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जागा वाढल्या. देणग्यांच्या गोंधळावर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोडगा दिला, तो आपण 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' या नावांनी ओळखतो. १९९८ ला आपण बारावी झालो तेव्हा पीसीएमचे गुण हाच निकष होता. आपल्यातली एक मैत्रीण (नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही) त्या गुणांत माझ्या पुढे होती. तिला पुण्याला सहज जागा मिळाली असती. तिच्या वडिलांनी फीबद्दल एक शब्दही विचारला नाही. "ही राहणार कुठे?" एवढंच विचारलं, आणि त्या प्रश्नाला त्यांच्या घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. ती बी.एस्सी. झाली. आज उत्तम गणित शिकवते आणि तिचे विद्यार्थी तिचं नाव काढतात. मी सांगलीला इंजिनियरिंगला गेले. माझी आत्या तिथे राहायची. आम्हा दोघींत तेवढाच फरक होता.

आजची मुलं सीईटीचे पर्सेंटाइल घेऊन कॅपच्या अर्जात शेकडो पर्याय भरू शकतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली आहे. ईबीसीच्या वाटेवरचं हे पुढचं पाऊल. पण खोली, मेस, प्रवास हा खर्च त्यात येत नाही. म्हणजे शाहू महाराजांनी ओळखलेली अडचण होती तिथेच आहे. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार अशा योजना आहेत. प्रवेशाच्या धांदलीत त्यांचे अर्ज मागे पडतात. ते फीच्या अर्जाबरोबरच भरावेत.

फोन करणाऱ्या भाचे-पुतण्यांना मी आता चार प्रश्न विचारते, आणि तेही पर्यायांचा क्रम लावण्याआधी. कारण पहिल्या क्रमांकाला टाकलेलं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. राहणार कुठे, आणि पहिल्या वर्षी वसतिगृह नक्की मिळतं का? फी सोडून महिन्याचा खर्च किती, आणि तो चार वर्षं कोण देणार? ताप आला तर किती तासांत घरी पोचशील किंवा घरचं माणूस तुझ्यापर्यंत पोचेल? आणि त्या गावात तुला नावाने ओळखणारं एक तरी माणूस आहे का? शाखा आणि कॉलेज याच्यानंतर. उत्तरं आई-बाबांनी द्यायची नाहीत, मुलांनी स्वतः शोधायची. एकदा एसटीने किंवा रेल्वेने त्या गावी जाऊन, मेसमध्ये जेवून, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलून यावं. संकेतस्थळावर कॉलेज दिसतं, गाव दिसत नाही.

चारातले पहिले तीन प्रश्न ज्याने त्याने सोडवायचे आहेत. चौथ्यात मात्र आपला वर्ग काही करू शकतो. आज आपण पुण्यात आहोत, मुंबई-ठाण्यात, सांगली-कोल्हापुरात, नागपूर, बंगळूर, हैदराबादला आहोत, काही जण परदेशात. स्नेहमेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी मी एक वही ठेवणार आहे. आपलं गाव, आणि शाळेतून येणाऱ्या मुलासाठी आपण काय करू शकतो ते त्यात लिहायचं. पहिले चार दिवस घरी राहू देऊ, खोली बघायला सोबत जाऊ, आजारपणात डबा देऊ, रविवारी जेवायला बोलावू, यातलं जे जमेल ते. ती वही शाळेत मुख्याध्यापकांकडे राहील. शाळेतल्या कुठल्याही मुलीच्या वडिलांनी "ही राहणार कुठे?" असं विचारलं, तर ती उघडून दाखवता येईल. पहिल्या पानावर माझं नाव मी लिहून आणते. पुढची पानं तुमची.